उसनं बोट

ढब्बूच्या आईला संशय घ्यायला कारण लागत नसे. कारण नसलं की उलट तिचा संशय बळावायचा. एवढं सगळं सरळ दिसतंय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असा तिचा हिशोब. भाजीवाल्यानं हसून दोन लिंबं जास्त टाकली, तर ही घरी येऊन अख्खी पिशवी उपसायची, खाली नासकं काय दडवलंय ते बघायला. नवरा चार दिवस ओळीनं वेळेवर घरी आला, तर पाचव्या दिवशी दारातच विचारायची, "काय करून आलास?" त्या बापड्यानं काही केलेलं नसायचं, पण तोही आठवायला लागायचा.

तर अशी ही बाई शर्ट शिवायच्या कारखान्यात कॉलर विभागात कामाला होती. कारखान्याच्या मागच्या अंगाला पाळणाघर होतं: दोन खोल्या, एक मोरी, वीस-बावीस पोरं आणि त्यांना सांभाळणारी एक मावशी. पाळणाघर होतं म्हणून कामावर येता येत होतं. ते नसतं तर निम्म्या बायका घरी बसल्या असत्या, आणि ढब्बूची आई त्यात पहिली, कारण घरी पोराला बघणारं दुसरं कुणी नव्हतंच.

दुपारी मावशी पोरांना भाज्या घातलेला मऊ भात, डाळ, कधी अंडं भरवायची. पण ढब्बूच्या आईनं पहिल्याच आठवड्यात तिला बजावून ठेवलं होतं, "माझ्या पोराला तुमच्या पातेल्यातलं काही म्हणता काही द्यायचं नाही. त्यात काय पडतं नि काय नाही, कोण बघतंय? मी दुधाच्या बाटल्या भरून आणते, त्याच द्यायच्या." मावशीनं दोनदा सांगून बघितलं, की अहो, दात आलेत आता त्याला, खाऊ दे की चार घास. त्यावर उत्तर मिळालं, "म्हणजे मी आणलेलं दूध कुणाच्या चहात जाणार?" मावशीनं हात जोडले. तेव्हापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ ढब्बू दुधावरच होता.

आणि वाढला होता हो! दीड वर्षांचं पोर, पण मांड्यांना तीन-तीन वळ्या, मनगटाला दोरा बांधल्यासारखी घडी आणि रंग गोरापान. स्वभावानंही गुणी. बसवलं तिथं बसायचा, निजवलं की निजायचा. येता-जाता बायका गालगुच्चा घ्यायच्या, "याला काय बाई, दुधातुपातलं पोर!" म्हणायच्या आणि त्याच्या आईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एका सोमवारी फळ्यावर नोटीस लागली. बुधवारी आरोग्य केंद्रातली सिस्टर येणार, पाळणाघराच्या पुढच्या खोलीत बसून आयांचं आणि पाच वर्षांखालच्या मुलांचं रक्त तपासणार. बोटातून एक थेंब, बास. इथवर ठीक होतं. पण खाली मॅनेजरनं आपल्या सहीनं एक ओळ वाढवली होती: ज्या मुलाचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली निघेल, त्याला पाळणाघरात ठेवलं जाणार नाही. आईचं किती निघावं, याबद्दल साहेबांचं काही म्हणणं नव्हतं. आईच्या अंगात रक्त कमी असलं तरी शिलाई मशीन चालतंच ना!

"बघितलंत?" जेवणाच्या सुट्टीत ढब्बूची आई म्हणाली. "यांना पोरांच्या रक्ताचं काय पडलंय? ती खोली पाहिजे यांना, खोकी ठेवायला. महिना झाला, व्हरांड्यात खोकी येऊन पडलीत. आता सिस्टर आणणार, तिच्याकडून पाहिजे ते आकडे लिहून घेणार आणि आपली पोरं बाहेर."

ऐकणाऱ्या दोघी होत्या. एक बटण विभागातली, म्हणून बटणवाली; दुसरी इस्त्रीवाली. बटणवालीच्या दोन वर्षांच्या पोरीला सगळे काडी म्हणायचे, आणि एकदा बघितल्यावर का म्हणतात ते कुणी विचारत नसे. इस्त्रीवालीचा चिमण्याही तसाच, बरगड्या मोजून घ्याव्यात असा.

बटणवालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "माझ्या काडीचं दहा कसं भरणार गं? तिच्या अंगात रक्त मावायला जागा तरी आहे का? पाळणाघर गेलं की माझं काम गेलं."

"रडतेस काय? ढब्बू आहे की."

"ढब्बू काय करणार?"

"थेंबावर नाव लिहिलेलं असतं का? सिस्टर नवी आहे. तिला काय ठाऊक कोण कुणाचं! काडीच्या नावानं ढब्बूला घेऊन जा. माझ्या पोराच्या रक्तात तुम्हा दोघींची पोरं सहज निघतील."

इस्त्रीवाली जरा भित्री होती. "आणि तुझ्या वेळेला? तिसऱ्यांदा टोचणार लेकराला?"

"त्याला कशाला तपासायचं? आंधळ्यालाही दिसतंय. मी सांगेन, आजीकडे गेलाय म्हणून." विभागवार पाळ्या लावल्या होत्या, बटण सकाळी, इस्त्री जेवणानंतर, कॉलर चार वाजता. म्हणजे ढब्बूला मधे विश्रांतीही मिळत होती. तिघींनी अळीमिळी गुपचिळी केली आणि कामाला लागल्या.

बुधवारी सिस्टर आली. ठेंगणी, चष्मेवाली, हातात जेवणाच्या डब्याएवढी पेटी. आल्याबरोबर आधी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली आणि दहा मिनिटांनी रुमालानं ओठ टिपत बाहेर पडली. ढब्बूच्या आईनं खिडकीतून ते बघून ठेवलं. "चहा पाजला," ती शेजारणीला म्हणाली. "कपात काय काय विरघळवलं असेल ते आता कळेलच."

साडेदहाला बटण विभागाची पाळी आली. तयारी मागच्या खोलीत झाली. काडीचा फ्रॉक ढब्बूला घालायचा म्हणजे उशीत गादी कोंबायची. पाठीची बटणं लागेचनात. शेवटी बटणवालीनं वरून आपली ओढणी गुंडाळली. मावशीनं ते सगळं बघितलं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. तिच्याही पोटापाण्याचा प्रश्न होताच. पोरं कमी झाली की मावशी कुणाला लागते?

पंधरा मिनिटांनी बटणवाली परत आली ती भिंत धरून. पिण्याच्या पाण्याच्या नळाशी ढब्बूची आई वाट बघत उभी होती.

"काय झालं?"

"सहा पॉइंट नऊ." बटणवालीनं कमी रक्ताचं लाल कार्ड पुढं केलं. "हात दाखवून अवलक्षण झालं गं! तिनं पापणी खाली ओढून बघितली, तळवे बघितले. म्हणाली, ताई, फारच कमी आहे, आजच मोठ्या दवाखान्यात न्या. चिठ्ठीपण दिली."

"कुणाचं सहा पॉइंट नऊ? ढब्बूचं?"

"ढब्बूचंच की! दुसऱ्या कुणाचं बोट होतं?"

ढब्बूच्या आईनं पोराला ओढून आपल्या कडेवर घेतलं. पण संशयी माणसाला एक मोठं सुख असतं: चूक कायम समोरच्याची असते. तिनं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "पकडली!" ती म्हणाली. "अगं, चोरी पकडली आपण! काडीला नेलं असतंस तर सहावर तूसुद्धा विश्वास ठेवला असतास. नावापुढं सात-सहा लिहायचं आधीच ठरलेलं होतं. पोराकडे बघतंय कोण? आता पुरावा आपल्या कडेवर आहे."

"मग आता?"

"आता दुसऱ्यांदा नेऊ. एकदा झालं तर ती म्हणेल चुकलं. दोनदा झालं की तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

इस्त्रीवाली नको नको म्हणत होती, तरी जेवणानंतर तिच्या कडेवर ढब्बू गेला, चिमण्याचा शर्ट आणि कानांपर्यंत टोपी घालून. सिस्टरनं उजव्या हाताचं बोट मागितलं. उजव्यावर सकाळची खूण होती, म्हणून इस्त्रीवालीनं डावा पुढं केला. सात पॉइंट एक निघालं. पुन्हा लाल कार्ड, पुन्हा चिठ्ठी.

"तिनं मला विचारलं, याला मी आधी बघितलंय का," इस्त्रीवाली धापा टाकत सांगत होती. "मी म्हटलं, या वयाची सगळी सारखीच दिसतात. मग तिनं काय केलं माहितेय? स्वतःच्या बोटाला सुई टोचली, आपला आकडा बघितला आणि चिठ्ठी लिहायला लागली. मला भीती वाटतेय गं. तुझा ढब्बू..."

"नाटक आहे सगळं," ढब्बूच्या आईनं तिला तोडलं. पण त्या दुपारी तिच्या हातून दोन कॉलर उलट्या शिवल्या गेल्या. सहा वर्षांत असं झालं नव्हतं.

चार वाजले. कॉलर विभागाच्या बारा जणी पाळणाघराकडे निघाल्या आणि सगळ्यांत पुढं ढब्बूची आई, कडेवर ढब्बू, या वेळी स्वतःच्या कपड्यांत. बटणवाली आणि इस्त्रीवाली हातातलं टाकून मागं आल्या. एवढ्या बायका एकदम चालताना बघून मॅनेजरही आला. त्याला बोलवायचं होतंच, बरं झालं.

"सिस्टर, आज लाल कार्डं किती दिलीत?"

"दोन," सिस्टर म्हणाली.

"आणि आकडे जवळजवळ सारखेच. तुमचं यंत्र सातावर अडकलंय, की साहेबांनी सातच लिहायला सांगितलंय?"

"काय गोंधळ आहे हा?" मॅनेजर म्हणाला.

"यंत्र मी सकाळी तपासलं, दुपारीही तपासलं," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि ढब्बूच्या आईला त्याचाच जास्त राग आला. "माझं स्वतःचं बारा पॉइंट आठ दाखवतंय. सात नाही."

"मग ऐका सगळ्यांनी!" ढब्बूच्या आईनं पोराला दोन्ही हातांनी उचलून वर धरलं. "सकाळी ती काडी नव्हती. दुपारी तो चिमण्या नव्हता. दोन्ही वेळा हा माझा ढब्बू होता! या पोराचं रक्त सात? बघा की जरा! आहे का कुणाची छाती म्हणायची?"

एकच हशा पिकला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बटणवालीनं ओढणीत तोंड लपवलं, कारण तिचीही लबाडी त्यात उघडी पडली होती, पण हसू तिलाही आवरेना. ढब्बूच्या आईला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सिस्टर तेवढी हसली नाही. तिनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "दोन्ही वेळा हाच होता? नक्की?"

"हाच! दोन्ही हातांवर खुणा आहेत. बघा ना!" आणि तिनं स्वतःच त्याच्या मुठी उघडून दाखवल्या.

"दुपारी मला शंका आली होती," सिस्टर म्हणाली. "तेव्हाच धरायला हवं होतं मी. ताई, मग यंत्र चुकत नाहीये. एकाच बाळाचं रक्त दोनदा तपासलं आणि दोनदा तोच आकडा आला."

मागच्या बायका अजून हसत होत्या. पुढच्यांचं हसू थांबलं होतं.

सिस्टरनं सगळ्यांना बाहेर काढलं, मॅनेजरलासुद्धा, आणि दार लावून घेतलं. आत राहिल्या तिघी आया, तिघं पोरं आणि मावशी. आधी काडीला घेतलं. सुई लागायच्या आतच काडीनं असा टाहो फोडला की बाहेरच्यांनी दार ठोठावलं. अकरा पॉइंट आठ. मग चिमण्या. अकरा पॉइंट दोन. बटणवालीनं लेकीचे पटापट मुके घेतले आणि मग एकदम ओशाळून थांबली.

"आता माझ्या देखत," ढब्बूची आई म्हणाली. "सुई नवी फोडा. पट्टी मला दाखवा आधी." सिस्टरनं सुई दाखवली, थेंब घ्यायची प्लास्टिकची पट्टी दाखवली. बोट टोचलं, पहिला थेंब कापसानं पुसला.

"पुसलात का? चांगला थेंब पुसून टाकलात!"

"पहिल्यात कातडीचं पाणी मिसळलेलं असतं. तो धरला तर आकडा आणखी खाली जाईल. पुसला तो तुमच्याच भल्यासाठी."

सहा पॉइंट आठ.

आकड्यावर तिनं विश्वास ठेवला नसताच. आकडा म्हणजे काय, कुणीही लिहितं. पण टेबलावर काडीचा कापूस पडला होता आणि त्याला लागून ढब्बूचा. काडीच्या कापसावरचा डाग गर्द लाल होता. ढब्बूच्या कापसावरचा पाणी घातल्यासारखा होता. तिनं तो कापूस उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. तिथं कुणाचा हात नव्हता, कुणाची सही नव्हती.

"काय खातो हा?" सिस्टरनं विचारलं.

ढब्बूच्या आईनं तोंड उघडलं, पण बोलली मावशी. "दूध," ती खाली बघत म्हणाली. "नुसतं दूध." पुढं ती काहीच बोलली नाही. ती बोलली असती, मी सांगत होते म्हणाली असती, तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

"दुधानं अंग भरतं, ताई, रक्त भरत नाही," सिस्टर म्हणाली. "त्यात लोह नसल्यातच जमा. आणि पोट त्यानंच भरलं की लेकरू दुसरं खात नाही. हा जो गोरा दिसतोय ना, तो गोरा नाही, फिका आहे. गुणी आहे म्हणता, तो दमलेला आहे. बरा होईल, औषधानं आणि जेवणानं बरा होईल. पण सातच्या खालचं पोर मला घरी पाठवता येत नाही. आजच डॉक्टरांनी बघायला हवं."

आपण. आपणच. तिच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. पातेल्यात काय पडतं म्हणून रोज विचारलं, मावशीला चोर ठरवलं, दुधाची पिशवी फोडायच्या आधी चारदा दाबून बघितली, आणि बाटली भरणाऱ्या हातावर कधी संशय घेतला नाही. तिला रडू आलं, मोठ्यानं आलं, आणि ते थोपवायचं कसं ते तिला माहीत नव्हतं, कारण तिला सवय रागाची होती.

दारावर टकटक झाली. "काय निघालं? मला नोंद करायचीय," मॅनेजर बाहेरून म्हणाला.

बटणवाली पुढं सरली आणि कुजबुजली, "सिस्टर, एक करा ना. आमची दोन्ही पोरं सुटली. साहेबांना ढब्बूच्या नावानं काडीचा आकडा सांगा. त्याचं औषधपाणी करा, सगळं करा, पण बाहेर कळू देऊ नका. हिनं आमच्यासाठी पोराला दोनदा टोचून घेतलं. तिचं काम जाईल हो."

"मी लिहिणार खरंच," सिस्टर म्हणाली. "पण तो कागद माझा. साहेबांना सांगायचं की नाही, ते आई ठरवेल. तिनं दुसरा आकडा सांगितला, तरी मी खोडून काढणार नाही."

सगळ्या ढब्बूच्या आईकडे बघत होत्या. सकाळी कुणी असं सुचवलं असतं तर तिनं झडप घातली असती. सोमवारी तिनंच तर सुचवलं होतं. पाळणाघर गेलं म्हणजे काम गेलं, घरात एकाचीच कमाई, आणि वर औषध. सगळं तिला दिसत होतं. पण मॅनेजरच्या कागदावर अकराचं पोर म्हणून बसला की पुन्हा त्याच्याकडे बघणार कोण? पुन्हा येता-जाता गालगुच्चे. पुन्हा सगळ्यांना वाटणार, याला काय धाड भरलीय! आणि सगळ्यांत आधी ते तिलाच वाटणार.

तिनं पदरानं तोंड पुसलं, पोराला खांद्यावर घेतलं आणि दार उघडलं.

"सहा पॉइंट आठ," ती म्हणाली. "ढब्बूचं. त्या दोघांची नावं खोडा आणि याचं लिहा. लबाडी माझी होती, त्या दोघींना मी भरीस पाडलं."

बाहेर कुणी टाळी वाजवली नाही. मॅनेजरनं घसा साफ केला. "मग नियमानं त्याला पाळणाघरात..."

"नका ठेवू. बाजूला व्हा आधी."

तो बाजूला झाला. उंबऱ्यापलीकडे दोन पावलं टाकून ती थांबली. ढब्बू खांद्यावर कधीच झोपला होता. ती वळली. सिस्टर आत चिठ्ठी लिहीत होती.

"तुम्ही पण चला."

"चिठ्ठीत सगळं लिहिलंय, ताई. कॉलर विभाग अजून व्हायचाय माझा."

"तुमच्यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही," ढब्बूची आई म्हणाली, "पण चला. तिथं डॉक्टर विचारतील, याला काय भरवलं, किती दिवस भरवलं. आणि मी खरं सांगेन, याचा मला भरवसा नाही."

सिस्टरनं पेटी मिटली आणि राहिलेल्या बायकांना उद्या सकाळी आठला यायला सांगितलं.